नवी चेन लावूनही काप उजवीकडेच जातो, आणि चेन सारखी सैल होते

कलमबाग_दापोली

नमस्कार मंडळी. चेनसॉबद्दल विचारायचं आहे. प्रश्न लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही परत दहा गोष्टी विचाराल, म्हणून सगळंच लिहून टाकतो.

दापोलीजवळ आमची हापूसची बाग आहे, वरच्या अंगाला काजू, घरामागे आगरात माड. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं, त्यात एकोणीस कलमं मुळासकट उपटून आडवी पडली. माडांचा तर हिशेबच सोडा. तोडायला माणूस मिळेना, आणि मिळाला तर तो सांगेल तो दर. म्हणून मी आणि चुलतभावाने मिळून मशीन घेतलं. ५८ सीसी, बावीस इंची पट्टी (चेन फिरते ती पात), चिनी. नाव लिहीत नाही, कारण तेच मशीन रंग बदलून दहा नावांनी विकतात.

वादळाची लाकडं संपली. मग जुनी कलमं उतरवायला, जळणाला, शेजाऱ्यांकडे झाड पडलं तर तिकडे, असं ते चालूच राहिलं. गेल्या वर्षभरापासून मात्र त्रास सुरू झालाय.

काप सरळ जात नाही. फूटभर जाडीच्या ओंडक्यावर वरून बरोबर रेषेवर सुरू करतो आणि तळाला पोचेपर्यंत दीड इंच उजवीकडे गेलेला असतो. शेवटी शेवटी पट्टी आवळली जाते. परवा फणसाच्या खोडात अशी रुतली की दोन पाचरी ठोकून काढावी लागली.

दुसरं दुखणं चेनचं. चार-पाच काप झाले की खाली लोंबायला लागते. दोनदा चालत्या मशीनवरून उतरली. मी काय करतो, लगेच पान्हा काढतो, जागच्या जागी ताणतो आणि पुन्हा सुरू.

शिवाय पट्टीची टोकाकडची खालची कडा निळसर पडलीय आणि लाकूड वाळकं असलं की धूर येतो.

करून काय बघितलं? चेन बदलली. ही तिसरी, महिन्यापूर्वी आणली, साडेसातशेला. दुकानात सांगितलं बावीस इंचीची द्या, त्याने दिली, बसलीही व्यवस्थित. दोन दिवस बरी वाटली, मग पहिले पाढे पंचावन्न. धार मीच लावतो, गोल कानशीने. ऑइलच्या टाकीत भावाच्या टेम्पोचं निघालेलं ऑइल फडक्यातून गाळून घालतो. पट्टी मूळचीच आहे. एकाकडे दुरुस्तीला नेलं, त्याने कार्बोरेटर साफ केला, चारशे रुपये घेतले आणि म्हणाला आता नवीनच घ्या.

दोन फणस वाळलेत, ते पाऊस लागायच्या आत फोडून मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, टाकायचेत. (परवानगी काढलीय, तो विषय नको.) मशीन खरंच गेलं का?


रात्रपाळी

चेन उलटी नाही ना बसली? वरच्या बाजूला दातांची तोंडं पट्टीच्या टोकाकडे हवीत.


कलमबाग_दापोली

नाही हो. ती चूक २०२० मध्ये पहिल्याच दिवशी करून झाली. अर्धा तास नुसता धूर काढला. आई म्हणाली, त्यापेक्षा कोयती बरी.


मुकादम६२

मशीन ठणठणीत आहे. इंजिन पेटतं, रेस घेतं, मग त्याच्या नावाने खडे कशाला फोडायचे? तुझ्या प्रश्नात चेन, चेन आणि चेन. पट्टीच्या वाट्याला एवढंच वाक्य, "पट्टी मूळचीच आहे". तिथेच पाणी मुरतंय बघ.

सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तेवीस वर्षं मी तोडीच्या टोळ्या सांभाळल्या. दहा-दहा मशीनं एका वेळी जंगलात असायची आणि संध्याकाळी सगळी माझ्या पुढ्यात. गडी यायचा तो एकच रड घेऊन, चेन गेली, नवी द्या. दहातल्या सहांची चेन गेलेली नसायची. चेन ही आगगाडी धर आणि पट्टी म्हणजे रूळ. एका बाजूचा रूळ खचला की डबे त्या बाजूला कलणार. डबे कितीही नवे आण.

तेव्हा आधी पट्टी तपासू. मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात जाड मोजे.

कव्हर काढायच्या आधी एक गोष्ट. स्टीलची फूटपट्टी घे आणि पट्टीच्या अंगाला लावून एका दाताच्या कुशीला टेकव. दात पट्टीपेक्षा थोडा बाहेर असतो, त्यामुळे फूटपट्टी आणि पट्टी यांच्यात बारीक फट दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंनी बघ. एका बाजूला फट आहे आणि दुसऱ्या बाजूला फूटपट्टी पट्टीलाच चिकटतेय, तर चेन कललेली आहे. चेन चिमटीत धरून डावी-उजवी हलवूनही बघ, किती डुलते ते.

आता चेन ब्रेक मागे ओढून मोकळा कर. हे विसरलास तर कव्हरमधला ब्रेकचा पट्टा आवळलेला राहील आणि परत बसवताना दुपारभर देवाचं नाव घेत बसशील. १३ च्या पान्ह्याने दोन्ही नट काढ, पट्टी बाहेर घे.

पट्टीच्या शेपटाकडे, नट जिथे बसतात तिथे, आकडे कोरलेले असतात. रॉकेलच्या फडक्याने पुसून काढ आणि मला जसेच्या तसे सांग. मग चेन घे. गाळ्यातून, म्हणजे पट्टीच्या कडेच्या खाचेतून, फिरतात त्या खालच्या कड्यांच्या अंगावर एक आकडा असतो, तोही सांग. "बावीस इंची" हा चेनचा आकडाच नव्हे, ती पट्टीची लांबी झाली. चेन घ्यायची ती पिच, गेज आणि खालच्या कड्यांची संख्या सांगून. पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचं अर्धं. गेज म्हणजे खालच्या कडीची जाडी, म्हणजेच गाळ्याची रुंदी. तीनही जुळले तर चेन तुझी.

हॅक्सॉच्या पात्याचा तुटका तुकडा गाळ्यातून ओढत शेपटापासून टोकापर्यंत ने. जे निघेल ते फेकू नकोस, वर्तमानपत्रावर ठेव आणि बघ. तोच तुकडा उभा घालून गाळ्याची खोली मोज. .३२५ इंच पिचच्या चेनला ६ मिमीपेक्षा कमी असेल तर ती बाजू संपली. कड्यांची टोकं तळाला घासतात आणि चेन काठावर नीट बसतच नाही.

शेपटाकडे एक बारीक भोक असतं, ऑइल त्यातून गाळ्यात येतं. तारेने मोकळं कर. दोन भोकं दिसली तर दोन्ही कर. एक या बाजूच्या काठासाठी, दुसरं पट्टी उलटी लावल्यावर.

शेवटी गुण्या, काटकोन बघायचा. सुताराकडून मागून आण. कडाप्प्यावर पट्टी कडेवर उभी कर, पोटाला ती जराशी फुगीर असते म्हणून मधल्या भागावर तोल धर. गुण्या टेकवला की कळेल सरळ उभी राहते की एका अंगाला कलते. दोन्ही कडांवर करून बघ. काठांवरून नखही फिरव, हळू. बाहेरच्या बाजूला धारदार पदर सुटलेला असेल, त्याने बोट कापतं.

आणि हो, या चार-पाच वर्षांत पट्टी एकदा तरी उलटी करून लावली आहेस का?


कलमबाग_दापोली

मुकादमसाहेब, सगळं केलं. अर्धा रविवार गेला.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही. पट्टी उलटी लावायची असते हेच माहीत नव्हतं. पट्टीवरचं स्टिकर वर राहिलं पाहिजे असं वाटायचं.

फूटपट्टी: एका अंगाला फट आहे, दुसऱ्या अंगाला नाही, चिकटते. चेन चिमटीत धरली तर चांगलीच डुलते.

गाळ्यातून निघालं ते बघून चुलतभाऊ म्हणाला, हे तर चिऱ्याच्या भिंतीचं पोटभरण. तांबडी माती, ऑइल आणि भुसा यांचा घट्ट लगदा, वड्या पडाव्यात असा. ऑइलचं भोक गच्च बुजलेलं होतं. दुसरं भोकही, ते तर कधी वापरातच नव्हतं.

गुण्या: मशीन धरल्यावर जो खालचा काठ येतो त्याच्या उजव्या बाजूचा काठ कमी आहे. डोळ्याने दिसतो, अर्धा मिमी तरी असेल. त्याच बाजूला पदरही सुटलाय. खोली तिथे साडेसहा. वरचा काठ मात्र जवळपास नव्यासारखा आहे, खोली आठ मिमी आणि गुण्याला सरळ.

आकडे: पट्टीवर .३२५, .०५८ आणि ८६. नव्या चेनच्या कड्यांवर २० असं आहे. जुन्या दोनपैकी एक सापडली, तिच्यावर २१. याचा अर्थ काय?


मुकादम६२

सापडला चोर. एक नाही, दोन.

ऑरेगॉन या चेन बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीचे आकडे आहेत ते. २० म्हणजे .३२५ पिच, .०५० गेज, म्हणजे १.३ मिमीची कडी. २१ म्हणजे तेच पिच, पण .०५८, म्हणजे १.५ मिमी. तुझा गाळा आहे १.५ चा. त्यात तू १.३ ची चेन घातलीस. पिच तेच, कड्या ८६ च, चेन फिरवणाऱ्या चक्रीवरही बसली, टोकावरून फिरली, म्हणून तुला वाटलं बरोबर आहे. पण गाळ्यात ती खुळखुळते. जास्त जाडीची असती तर गाळ्यात शिरलीच नसती, तू दुकानात परत गेला असतास. पातळ चेन बसते हाच तिचा घात. दुकानदाराचंही पूर्ण चुकलं म्हणत नाही, तू इंच सांगितलेस, त्याने इंच दिले.

दुसरा चोर उजवा काठ. कमी झालेल्या काठाकडे चेन बसते, दातांची तोंडं त्या बाजूला वळतात आणि काप उजवीकडे जातो. तुझी जुनी २१ ची चेन बरोबर गेजची असूनही काप वाकडा का झाला, ते यातच आलं. चेन बिचारी पुन्हा पुन्हा बदलली गेली आणि खचलेला रूळ तिथेच.

चार वर्षं एकाच कुशीवर झोपलेली पट्टी आहे ती. पट्टी उलटी कर. वरचा काठ नवा आहे म्हणतोस, तो खाली येऊ दे. कापताना सगळा भार खालच्या काठावर असतो, म्हणून एकच बाजू झिजते. माझा नियम होता, चेनला धार लावली की पट्टी उलटायची. लक्षात ठेवायला वेगळं काही लागत नाही. स्टिकर खरवडून टाक, ते विकणाऱ्याच्या कामाचं.

झिजलेल्या बाजूवरचा पदर सपाट कानशीने काढ, बाहेरच्या अंगाने. काठ सारखे करायचे तर उंच काठ कमी करून दुसऱ्याच्या बरोबरीला आणायचा. पण त्याला कानस काटकोनात धरणारा साचा हवा, नुसत्या हाताने केलंस तर नवा उतार करून ठेवशील. लेथवाल्याकडे दे. हातोडीने ठोकून गाळा मिटवणारेही लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. आणि काठ खाली घेतलास की साडेसहाचे सहा होतील, म्हणजे त्या बाजूचं आयुष्य संपत आलंय हे धरून चाल. सध्या चांगल्या बाजूवर दोन हंगाम काढ.

चक्री बघितलीस का? क्लचच्या डब्यावरची सात दात्यांची. तीन चेनी एकाच चक्रीवर खाल्ल्यास. दात्यांवर चेनने पाडलेल्या चऱ्या अर्ध्या मिमीपेक्षा खोल असतील तर चक्री बदल, नाहीतर ती नव्या चेनलाही आठ दिवसांत म्हातारी करेल.

आता सैल होण्याचं. बऱ्याच चेनी सैल होत नसतात, त्या तापून लांबतात. ऑइलचं भोक बुजलेलं, चेन कोरडी फिरतेय, पट्टी निळी पडलीय, म्हणजे चेन तापून लांबली. तू ती तापलेलीच ताणलीस. मग मशीन गार झालं, चेन आखडली आणि घट्ट आवळली. दुसऱ्या दिवशी तशीच चालू केलीस. असं पुन्हा पुन्हा केलं की चेन ओढली जाते, टोकाची चक्री जाते आणि पार आत क्रँकच्या बेअरिंगवर ओढ बसते. काम करताना लोंबली तर ताणावीच लागते, उतरलेली चेन त्याहून वाईट. पण काम संपलं की ती परत सैल करून ठेवायची. हे माझे अर्धे गडी विसरायचे. मी संध्याकाळी प्रत्येक मशीनची चेन हाताने ओढून बघायचो, आवळलेली दिसली की त्याचा चहा बंद.

ताणायची रीत अशी. मशीन गार. ब्रेक मोकळा. ताणाच्या स्क्रूची खुंटी पट्टीच्या लहान भोकात शिरलीय याची खात्री कर, ती बाहेर राहिली तर कितीही फिरव, काही होणार नाही. नट बोटाने लावलेले, पान्ह्याने नाही. मग पट्टीचं टोक एका लाकडावर टेकवून वर उचलून धर आणि उचललेलंच ठेव. स्क्रू फिरवत जा. खाली लोंबणाऱ्या कड्या पट्टीच्या पोटाला जाऊन टेकल्या की बस. टोक उचललेलं असतानाच नट आवळ. टोक खाली सोडून नट आवळतात तिथे सगळं फसतं. पट्टी नटांच्या सैलपणात खाली बसलेली असते, पहिल्या कापाला वर ढकलली जाते आणि चेन सैल. तुझं चार-पाच कापांचं दुखणं अर्धं इथलंच असणार.

झालं की मोजा घातलेल्या हाताने वरून चेन पुढे ओढ. सरसर फिरली पाहिजे, कुठे अडता कामा नये. खालून मधोमध ओढलीस तर कड्या गाळ्यातून पूर्ण बाहेर येता कामा नयेत, सोडल्यावर टप्कन जागेवर बसल्या पाहिजेत. नवी चेन पहिल्या दिवशी लांबतेच, तिचे रिव्हेट बसायचे असतात. पहिला अर्धा तास हलकी लाकडं काप, थांब, गार होऊ दे, ताणून घे.

जळकं ऑइल बंद कर. फडक्यातून माती गाळली जाते, लोखंडाचा कीस नाही जात. तोच कीस पंपात आणि गाळ्यात फिरतो. शिवाय दिवसभर ते उडून तुझ्या अंगावर, तोंडावर येतं, त्यात काय काय जळालेलं असतं ते वेगळंच. चेनचं म्हणून चिकट ऑइल मिळतं ते घे, नाही मिळालं तर साधं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल नवं घाल. पेट्रोल भरताना दर वेळी ऑइलही भर, एकाला विसरून दुसरं नाही. चाचणी सोपी आहे. पट्टीचं टोक वर्तमानपत्रापासून वीतभर वर धर आणि रेस दे. कागदावर ऑइलची रेघ उठली पाहिजे. रेघ नाही तर काम नाही.


भोरची_मावळण

मध्येच घुसते. माझ्याकडे बारा इंची बॅटरीचं आहे, कुंपणाच्या बाभळी आणि पडलेल्या फांद्यांपुरतं. नट नाहीत, हाताने फिरवायची गोल मूठ आहे. पण टोक उचलून धरायचं हे त्यालाही लागू आहे का?

आणि ऑइलवरून माझी फजिती सांगते. बाभळीच्या फांद्या गोठ्याच्या वैरणीत जातात, म्हणून मी विचार केला की यंत्राचं तेल नको, खोबरेल घालू. ऑक्टोबरमध्ये झकास चाललं. डिसेंबरात पहाटे गारठ्यात मशीन काढलं तर टाकीत तेल थिजून पांढरी वडी! ओतायला गेले तर पडेना. शेवटी ऊन होईपर्यंत मशीन ओट्यावर ठेवून बसले.


मुकादम६२

मावळणबाई, टोक उचलायचं सगळ्यांना लागू. मुठीचं असो, नटाचं असो. खोबरेल उन्हाळ्यात चालून जाईल, तुमच्या भोरच्या थंडीत कसं चालेल? वैरणीची काळजी रास्त आहे, पण खाद्यतेल टाकीत महिनोन्महिने पडू देऊ नका, चिकट राळ होऊन बसते. काम झालं की टाकी रिकामी करा.

बॅटरीच्या मशीनची चेन बहुधा ३/८ इंच पिचची लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची असते. तिला ४ मिमीची कानस. कलमबागच्या ३२५ ला ४.८ ची. कानशीचं माप चुकलं तर दाताचा आकारच बिघडतो, मग कितीही घासा.


कीटकशाळा

अवांतर. आज आपण ज्याला चेनसॉची चेन म्हणतो, त्या आकाराचे दात अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने काढले. १९४६ साली त्याने लाकडात राहणारी एक अळी बघितली. ती आपल्या वाकड्या जबड्याने डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून कुरतडत होती, रेषेत आणि आडवीही, काही अडत नव्हतं. त्यावरून त्याने डावा दात, उजवा दात अशी चेन केली आणि १९४७ मध्ये कंपनी काढली. ती अळी लांब मिशांच्या भुंग्याची. आपल्या आंब्याचा खोडकिडा त्याच कुळातला, काजूचा खोडकिडाही. कलमबाग, तुमच्या बागेत जे होल पाडून भुसा काढतं ना, तुमचं मशीन त्याची नक्कल आहे.


कलमबाग_दापोली

हे वाचून त्या किड्याबद्दल जरा आदर वाटला. पण इंजेक्शन द्यायचं थांबवणार नाही.

मुकादमसाहेब, २१ नंबरची चेन मागवली. चक्रीवर चऱ्या होत्या, तीही बदलतो. आता फक्त धारेबद्दल सांगा. माझी धार चुकत असेल का? मी प्रत्येक दाताला चकाकेपर्यंत घासतो.


मुकादम६२

चकाकेपर्यंत हे माप नाही. कानशीचे किती हात मारतोस ते मोज.

चेनमधले दात दोन रांगांचे, डावे आणि उजवे. ज्या रांगेला जास्त धार किंवा जास्त लांबी, तिकडे काप ओढतो. उजव्या हाताच्या माणसाला एक रांग सोपी पडते आणि दुसरी आडवी. माझं असं व्हायचं की सोप्या बाजूला तीन हात मारले तर आडव्या बाजूला चार लागायचे. तुझं वेगळं असेल. आधी सगळ्यांत आखूड दात शोध, त्याला धार लाव, आणि बाकीचे सगळे त्याच्या लांबीला आण. एक रांग पूर्ण करून मशीन फिरव, मग दुसरी. पट्टी शिकंज्यात धर, मांडीवर ठेवून धार लागत नाही.

कोन ३० अंशांचा. बऱ्याच चेनींच्या दातावर मागच्या बाजूला रेघ कोरलेली असते, कानस त्या रेघेला समांतर ठेव. कानशीचा पाचवा भाग दाताच्या माथ्यावर दिसला पाहिजे, बाकीचा खाली. फक्त पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचलून घे. मागे घासत आणलीस तर कानस आणि धार दोन्ही मरतात.

प्रत्येक दाताच्या पुढे एक उंचवटा असतो, दाताने किती खोल चावायचं ते तो ठरवतो. दाताला तीन-चार वेळा धार लावली की दात खाली जातो आणि उंचवटा तिथेच राहतो. मग दात लाकडाला टेकतच नाही, तू मशीन दाबत बसतोस. त्याला मापाची पट्टी मिळते, ती ठेवून दातापेक्षा ०.६५ मिमी खाली येईल इतकंच घास. उत्साहात जास्त घासलंस तर चेन लाकडाला धरते आणि मशीन उसळी मारते. टोकाच्या वरच्या बाजूने कापायला गेलास तर थेट तोंडाकडे येतं. आमच्या एका गड्याच्या भुवईवर अजून व्रण आहे.

धार गेली ते भुशावरून ओळख. किस पडतोय तर धार आहे. पिठासारखा पडतोय तर थांब आणि कानस काढ. माडाची बाहेरची साल-कांती धार खाते, समुद्राकाठचा माड तर वाळू धरून असतो. आणि आपल्याकडचा खरा वैरी जांभा. बुंधा जमिनीशी कापताना एकदा जरी चेन चिऱ्याला टेकली की तासाभराची मेहनत गेली. ओंडका आधी लाकडांवर उचलून घे. जमत नसेल तर वरून पाऊण जाडीपर्यंत काप, मग लोळवून उलटा कर.


कलमबाग_दापोली

झालं! आज सकाळी पट्टी उलटी, २१ ची चेन, नवी चक्री, नवं ऑइल. वर्तमानपत्रावर रेघ उठली, ती आईला दाखवली.

वाळलेल्या फणसाच्या बुंध्यात पहिला काप घातला. मशीन दाबलंच नाही, आपल्या वजनाने उतरत गेलं. पिवळाधमक किस, बोटाच्या पेराएवढा. तळाला पोचल्यावर रेघ लावून बघितली, सोळा इंचात दोन-तीन मिमी फरक, त्यातला माझ्या हाताचा किती आणि धारेचा किती कोण जाणे. धूर नाही. चेन दुपारपर्यंत एकदाच ताणली. एक फणस पूर्ण झाला, दुसरा उद्या.

१.३ ची महिन्याभराची चेन आता काय करू? साडेसातशे गेले की.


मुकादम६२

.०५० च्या पट्टीवाला कोणीतरी भेटेल, त्याला निम्म्यात दे. पाकिटावर गेज लिहून दे म्हणजे तो तुझ्यासारखा फसायचा नाही.

दुपारी एकदा ताणलीस म्हणतोस. मशीन तापलेलं होतं तेव्हा. मग संध्याकाळी सैल केलीस का?


कलमबाग_दापोली

...आलोच. टॉर्च घेऊन मांगरात जातो.